देवीच्या कोठीतल्या अळ्या

मी घरात अळ्या पाळतो असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवतात. मला तो क्षण फार आवडतो. म्हणून मी मुद्दाम चहा हातात असतानाच सांगतो.

या अळ्यांना मीलवर्म म्हणतात. पिवळसर, चकचकीत, बारीक शेवेसारख्या. गव्हाच्या कोंड्यात राहतात, कोंडाच खातात, तहान लागली की बटाटा कुरतडतात. मोठ्या झाल्या की त्यांचे पांढरे कोष होतात, कोषातून काळे भुंगेरे निघतात, भुंगेरे अंडी घालतात आणि सगळं पुन्हा सुरू. त्यांना ना उडता येतं, ना गुळगुळीत पत्र्यावर चढता येतं. प्लॅस्टिकच्या टबात टाका, जन्मभर तिथेच राहतील. अमरावतीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या घराच्या गच्चीवर गावरानी कोंबड्या आहेत, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. अळी दिसली की त्या कोंबड्या अशा धावतात की लग्नाच्या पंगतीतली माणसं त्यांच्यापुढे सभ्य वाटावीत.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याआधी आणि त्यासोबत मी हौशी नाटकांत कामं केली. हवालदार, नोकर, दुसरा गावकरी. मुख्य भूमिका मला कधी मिळाली नाही. एकदाच मिळाली, तीही नाटकात नाही. ती गोष्ट सांगतो.

आम्ही दोघं भाऊ. मोठा अकोल्याला, मी अमरावतीला. वडील गेल्यावर आम्ही शेत विकलं, गावचं घर विकलं, भांडीही वाटून घेतली. आई विकता येत नव्हती आणि वाटताही येत नव्हती, म्हणून तिचे महिने वाटले. दिवाळीनंतरचे सहा माझे, पावसाळ्याचे सहा त्याचे. पावसाळा त्याच्याकडे असण्याचं कारण महालक्ष्म्या. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, त्या थोरल्याच्याच घरी बसतात, आणि आई असल्याशिवाय त्या बसवायच्या कशा? म्हणजे देवी आणि आई दोन्ही एका हंगामात भावाकडे. मला मिळायचा उन्हाळा.

दिवाळीनंतर आई आली तेव्हा माझे टब नुकतेच मांडलेले होते. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"हे काय व्हय?"

"अळ्या होत माय. कोंबड्याइले."

"कुठून आनल्या?"

"इकत घेतल्या."

आई खाली बसली. पाय दुखत होते म्हणून नव्हे. "मी जिंदगीभर गव्हातले किडे निवडून निवडून फेकले," ती म्हणाली, "अन् तू पैसे देऊन आनतं. तुहा बाप असता तर रडला असता."

बायको आत हसत होती. आईला हसू आलं नव्हतं. ती पुढचे काही दिवस त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. मग एका सकाळी मी अळ्या चाळायला बसलो होतो. कोंडा, विष्ठा, कोष, भुंगेरे असं सगळं वेगळं करावं लागतं. माझ्या हातून निम्म्या अळ्या जमिनीवर आणि कोंडा माझ्या डोक्यावर. दारातून आवाज आला:

"सरक तिकडं. घराले कोंड्यानं आंघोय घालून राह्यला."

तिने सूप मागवलं. आणि मग मी जे पाहिलं ते पाहण्यासाठी मी तिकीट काढलं असतं. मनगटाची एक उसळी आणि हलकं सगळं पुढे, जड सगळं मागे. कोष एका बाजूला, भुंगेरे दुसऱ्या. मी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबलो.

त्या दिवसापासून अळ्या तिच्या झाल्या. मी बटाट्याचे तुकडे थेट कोंड्यात टाकायचो, खालचा कोंडा ओला होऊन बुरशी धरायचा. तिने पत्रावळीचे लहान लहान तुकडे फाडले आणि बटाट्याची प्रत्येक चकती त्या तुकड्यावर ठेवली, जसा नैवेद्य ठेवतात तशी. बुरशी बंद झाली. अळ्यांची विष्ठा तिने गच्चीवरच्या वांग्यांना घातली आणि वांगी अशी लागली की शेजारची बाई विचारायला आली. संध्याकाळी ती वाटीत अळ्या घेऊन गच्चीवर जायची, "तित् तित् ती" म्हणायची आणि कोंबड्या तिच्या पायांत. वडील गेल्यानंतर ती इतकं कधी बोलली नव्हती. कोंबड्यांशी बोलायची, पण बोलायची.

आता कडू भाग. तो आधीपासून तिथेच होता, मी फक्त पडदा उशिरा उघडतो आहे.

आई विसरायला लागली होती. आदल्या वर्षी अकोल्याला तिने गॅस सुरू ठेवला आणि झोपली. वहिनीला एकदोनदा मेलेल्या काकूच्या नावाने हाक मारली. माझ्याकडे हे कमी व्हायचं. दादाने एकदा व्हिडिओ कॉल केला आणि मी फोन तिच्याकडे वळवला, तर ती सूप घेऊन बसलेली, पदर खोचलेला, आजूबाजूला भुंगेरे.

"मायले कामाले लावलं काय बे?" दादा म्हणाला.

"मी लावलं? तिनं मले लावलं."

"हसू नको. मी सिरीयस बोलून राह्यलो. डॉक्टर म्हने, हे सुरुवात हाये." मग त्याचा आवाज खाली आला, कारण वाईट गोष्ट तो नेहमी हळू सांगतो. "मी एक जागा पाहून ठेवली. चांगली सोय हाये. नर्स असते, बगीचा हाये."

"वृद्धाश्रम म्हन ना सरळ."

"इलाजाची जागा हाये."

"मंग बाराही महिने माह्या घरी राहू दे."

"तुह्या घरी? अळ्यात?" तो हसला. "लोक थुकतीन माह्या तोंडावर. थोरला असून मायले लहान्याच्या दोन खोल्यात टाकली म्हनतीन."

"अन् आश्रमात टाकल्यावर नाई थुकत?"

"तिथं आजारी मानसं नेतात. त्याले कोनी काई म्हनत नाई." मग तो म्हणाला, "आता एक जरी असं काई केलं ना तिनं माह्या घरी, तर मी इचारत नाई कोनाले."

मी फोन ठेवला तेव्हा आई सुपातून मान वर काढून म्हणाली, "काय म्हने?"

"काई नाई. तब्येत इचारून राह्यला होता."

"कोनाची?"

"अळ्याइची."

ती खूश झाली. मी तिला जी काही खुशी दिली ती बहुतेक अशीच खोटी होती.

मे महिन्यात दादा गाडी घेऊन आला. आईच्या मांडीवर एक झाकणाचा डबा होता. मी विचारलं काय आहे, तर म्हणाली, "तुले काय करनं?" मला वाटलं, वाटेत खायला लाडू असतील. गाडी बडनेऱ्याच्या दिशेने वळेपर्यंत मी हात हलवत उभा होतो.

आषाढात मी तिचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला अकोल्याला गेलो. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. आईची खोली म्हणजे सामानाची खोली: पलंग, बंद पडलेली व्यायामाची सायकल, बॅगा, आणि भिंतीशी महालक्ष्मीच्या दोन कोठ्या. आमच्याकडे देवीचा मुखवटा पत्र्याच्या गोल कोठीवर बसवतात. कोठीत नवे गहू भरायचे, वर मुखवटा ठेवायचा, साडी नेसवायची. म्हणजे देवीचं धड धान्याचं. बाकी वर्षभर त्या कोठ्या झाकण लावून पडून असतात आणि त्यांना सोवळ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

आई खिडकीशी बसलेली होती. बाहेरच्या बाल्कनीत साळुंक्यांची गर्दी.

"पाहा ना भाऊजी," वहिनी म्हणाली, "या मेल्या कुठून येऊन राहिल्या काय माहीत. रोज बाल्कनी धुवा. आईंना विचारलं तर म्हणतात, मले काय माहीत."

"मले काय माहीत," आई म्हणाली आणि चष्मा लावून साळुंक्यांकडे बघत राहिली.

मी स्वतःला नट समजतो. समोर प्रयोग चालू होता आणि मला तो दिसला नाही. मी चहा घेतला, गाडी पकडली, मूर्तिजापूरपर्यंत झोपलो.

भाद्रपदात मी आणि बायको महालक्ष्म्यांसाठी अकोल्याला पोचलो. घरात सोळा भाज्यांचा वास, आंबिलीचं पातेलं, गावाकडून आत्या आलेली. ती आल्यापासून पुरणाच्या पातेल्याजवळ खुर्ची टाकून बसली होती आणि सगळ्यांच्या चुका काढत होती. दादा आणि मी सामानाच्या खोलीतून कोठ्या हॉलमध्ये आणल्या. पहिली हलकी होती, दुसरी उचलताना दादा म्हणाला, "यात गेल्या सालचे गहू राह्यले वाटते." वहिनीने ओलं फडकं घेतलं, आतून पुसायचं म्हणून झाकण उघडलं.

कोठी अर्धी भरलेली होती. कोंड्याने. आणि कोंडा हलत होता.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की काय सुंदर वाढ झाली आहे. लहान अळ्या, मोठ्या अळ्या, पांढरे कोष, वर भुंगेऱ्यांची काळी चादर. एवढा निरोगी टब माझ्याकडे कधी तयार झाला नाही. मग मला बटाट्याच्या चकत्या दिसल्या. प्रत्येक चकतीखाली पत्रावळीचा फाडलेला तुकडा.

मला आईच्या मांडीवरचा तो डबा आठवला. साळुंक्या आठवल्या. सगळं एकदम समजलं.

वहिनी मागे सरली. आत्याने तोंडाला पदर लावला. "देवीच्या पोटात," ती म्हणाली. "देवीच्या पोटात किडे."

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं. ते साहजिक होतं. पण मग त्याची नजर माझ्यावरून घसरून मागे, सामानाच्या खोलीच्या उघड्या दारातून पलंगावर दिसणाऱ्या आईकडे जायला लागली. ती नजर मला ओळखता आली. ती रागाची नव्हती, रागाचं काही वाटलं नसतं. ती सुटकेची होती. एक जरी असं काही केलं तिनं, असं तो म्हणाला होता ना. आता ते समोर होतं, आणि साक्षीला आत्या होती.

हवालदार, नोकर, दुसरा गावकरी. मी पुढे झालो.

"मी ठेवल्या," मी म्हणालो.

"काय?"

"अळ्या. मी ठेवल्या. चष्मा द्याले आलो होतो ना, तवा."

"काहून?"

इथे मी जरा थांबलो. संवाद विसरल्यामुळे नाही. चांगला नट घाईत उत्तर देत नाही. "माह्या घरी उंदरं झाले," मी म्हणालो. "टब उलथवून खाऊन राह्यले होते. म्हनलं थोडं बी सुरक्षित ठेवा. पत्र्यावर अळी चढत नाई. अन् ही कोठी भाद्रपदापर्यंत कोनी उघडत नाई. त्याआधी घेऊन जाईन म्हनलं. राह्यलं."

"देवीच्या कोठीत?" दादाचा आवाज चिरला. "अबे तू बह्याड हायेस काय? देवीची कोठी हाये ते."

"रिकामीच होती."

हे वाक्य मी मुद्दाम टाकलं. गुन्हेगार थोडा निर्लज्ज वाटला की खरा वाटतो. आत्या म्हणाली, "हा लहानपनापासून असाच. नाटकं करते नुसते." माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं की आमच्या घरी उंदीर नाहीत. ती काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आयुष्यभर ऋणी राहीन.

दादाला पटत होतं, पण पूर्ण नाही. तो बटाट्याच्या चकत्यांकडे बघत होता. "हे बटाटे ताजे हायेत," तो म्हणाला. "तू आषाढात आलता."

मी एक चकती उचलून उलटसुलट बघितली, जणू पुढचा संवाद तिच्यावर लिहिलेला आहे.

तेव्हा आई बोलली. पलंगावरूनच, कपाळाला आठ्या घालून.

"मले सांगून गेलता ना हा. बटाटे टाकत जाजो म्हने माय. मी तवाच म्हनलं, देवाच्या कोठीले हात नको लावू रे. पन ऐकते कोनाचं? याले अक्कल कुठी हाये. अन् मी म्हातारी, लेकरू म्हनते तर टाकले बटाटे."

मग वहिनीने सुस्कारा सोडला आणि सगळ्यांचा राग एकदम सुटला, आणि तो सगळा माझ्यावर आला. त्यात दादाची निराशाही मिसळलेली होती. मी मान खाली घालून उभा होतो आणि मनातल्या मनात उभं राहून टाळ्या वाजवत होतो. काय वेळ साधली होती म्हातारीने. अडलेल्या नटाला असा हात मी कुठल्याही मंचावर पाहिलेला नाही.

दादा म्हणाला, हे सगळं खाली नेऊन जाळ. मी कोठी लिफ्टने खाली नेली आणि इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पालथी केली. जाळलं नाही. मी दूर होईपर्यंतही साळुंक्यांना धीर नव्हता. वर सोळा भाज्यांची पंगत बसण्याआधी खाली त्यांची पंगत बसली. मी नळावर कोठी घासून वर नेली, पण वहिनीने ती घरात घेतली नाही. त्या वर्षी धाकटी महालक्ष्मी कोठीवर बसली आणि थोरली प्लॅस्टिकच्या स्टुलावर. साडी नेसवल्यावर कुणाला कळलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, यंदा थोरलीच्या तोंडावर काय तेज आहे.

जेवण झाल्यावर मी आईजवळ गेलो. ती विडा चघळत होती. मी हळूच म्हणालो, "माय, लय झ्याक बोलली तू."

तिने माझ्याकडे पाहिलं. "देवाच्या कोठीत असं करते काय कोनी?" ती म्हणाली. "माह्या गळ्यात बटाट्याचं काम मारून गेला."

वहिनी पानं आवरत होती, तिला ऐकू जात होतं. मी समजलो की आई अजून भूमिकेत आहे. मी हसलो. ती हसली नाही.

निघताना दादा लिफ्टपर्यंत आला. "माय आता तिकडं येत नाई," तो म्हणाला.

"दिवाळीनंतर माहे महिने हायेत."

"होते. जो मानूस देवाच्या कोठीत किडे भरते, मायले त्याइले बटाटे टाकाले लावते, त्याच्या घरी मी मायले ठेवत नाई. आत्याबी तेच म्हने."

"अन् ते जागा?"

"कोनती जागा?"

"बगीचावाली."

तो लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिला. "तिच्यात काई नाई झालं अजून," तो म्हणाला. "सारं तुह्याच डोक्यात झालं."

म्हणजे माझा प्रयोग यशस्वी झाला. आई आश्रमात गेली नाही. ती अजून त्या सामानाच्या खोलीत आहे, एका कोठीसोबत, आणि त्या कोठीला आता कुलूप आहे. बाल्कनीला जाळी लावली आहे, साळुंक्या येत नाहीत. दिवाळी झाली, माझे महिने सुरू झाले आणि मी गाडीची वाट बघितली नाही.

अळ्या आहेत. मीच चाळतो. निम्म्या अजूनही जमिनीवर पडतात. पत्रावळीचे तुकडे मी तिच्यासारखेच फाडतो, तरी बुरशी येते. काय चुकतं ते विचारायला मी फोन करतो, तर फोन वहिनी उचलते आणि स्पीकरवर ठेवते. अकोल्याला गेलो तरी ती आईच्या खोलीतून हलत नाही.

परवा केला. तब्येत झाली, थंडी झाली, कोंबड्या झाल्या.

"एक इचारू का रे?" आई म्हणाली.

"इचार ना माय."

"त्या अळ्या तू देवाच्या कोठीत काहून ठेवल्या?"

आवाजात काहीच नव्हतं. चेष्टा नाही, इशारा नाही. लहान मुलाला त्याच्या चुकीचं कारण विचारावं तसं, मायेने, आणि थोडं दुखावून. मी वाट पाहिली, की आता पलीकडे हसू फुटेल, किंवा निदान घसा खाकरला जाईल. पलीकडे फक्त टीव्ही चालू होता.

वहिनी ऐकते म्हणून ती अजून खेळते आहे, की तिला खरंच वाटतं की मी ठेवल्या, हे मला कळत नाही. पहिलं खरं असेल तर माझी आई माझ्यापेक्षा फार मोठी नटी आहे. दुसरं खरं असेल तर दादाचा डॉक्टर बरोबर होता, आणि ज्या बाईला वाचवायला मी उभा राहिलो ती त्या दिवशीही अर्धी तिथे नव्हती. तिच्याशी एकट्याने दोन शब्द बोलायला मिळाले तर मला लगेच कळेल. तेच मला मिळत नाही.

"चुकलं माय," मी म्हणालो.

"पुन्हा नको करजो," आई म्हणाली, आणि वहिनीने फोन ठेवला.